घर, नुसतं

३ ऑगस्ट

बाईंना नमस्कार.

आज सकाळी दूध घेतलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर बदलला. जुना वॉशर पत्र्याच्या डब्यात टाकला. सुटे भाग फेकून द्यायची मला सवय नाही. मग बाहेरच्या खोलीतला उभा पंखा उघडला. त्याचं एक पातं जाळीला घासत होतं, ते सरळ केलं. दोन्ही कामं वर्षभर पडून होती. पत्नीने सांगून सांगून सोडून दिलं होतं.

दुपारी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि तिची पिशवी उघडली. तिच्या जागी पाचवीचा वर्ग तुम्ही घेतलात हे मुख्याध्यापकांनी कळवलं होतं. तुम्ही म्हणता ती वही मिळाली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर आहे, वर 'आमच्या गोष्टी' असं लिहिलं आहे. मी आत वाचलेलं नाही. वहीबरोबर पिशवीत एक चष्म्याचं घर, दोन खडू आणि सुट्टीचा अर्ज होता. अर्ज एप्रिलच्या सतरा तारखेचा, म्हणजे ती गेली त्याच दिवसाचा आहे. तो द्यायचा राहिला. तो शाळेला हवा असेल तर कळवा, नाहीतर माझ्याकडे राहू द्या.

तुम्ही तीनदा फोन केलात आणि मी घेतला नाही, त्याबद्दल राग नसावा. फोन वाजला की कोणीतरी समजूत घालतं. माझी थोरली बहीण म्हणाली, एकटा राहून भिंतींशी बोलायला लागशील. मी तिला सांगितलं की भिंतींशीही बोलत नाही. पत्राला उत्तर देणं मला बरं पडतं.

वही रजिस्टर टपालाने पाठवली आहे.

आपला,
मोठ्या बाईंचे यजमान
(पत्रावर तुम्ही असंच लिहिलं होतं, म्हणून तेच लिहिलं.)


११ ऑगस्ट

काका, नमस्कार.

वही पोचली. अर्ज तुमच्याकडेच असू द्या.

'मोठ्या बाई' हे मुलांनी ठेवलेलं नाव. मी आले तशी मी 'छोट्या बाई' झाले. त्यांची उंची माझ्या खांद्याएवढी होती, पण ते मुलांना सांगून उपयोग नाही.

वहीचं काम कशाला पडलं ते सांगते. मोठ्या बाईंनी गेल्या वर्षी, हीच मुलं चौथीत असताना, एक उपक्रम सुरू केला होता. प्रत्येक मुलाने घरातली एक वस्तू निवडायची आणि तिची खरी गोष्ट तीन मिनिटांत, स्वतःच्या आवाजात सांगायची. शाळेचा एक छोटा रेकॉर्डर आहे, तो पाळीपाळीने मुलांच्या घरी जातो. आवाज झाला की त्याला लागतील तसे फोटो काढायचे आणि वर्गातल्या संगणकावर दोन्ही जोडायचं, की छोटी फिल्म तयार. फोटो आधी काढायचे नाहीत, असा त्यांचा कडक नियम होता. फोटो आधी असले की मुलं फोटोत दिसतं तेवढंच बोलतात. आता एकाने आजोबांच्या कवळीची गोष्ट केली आहे. कवळी मुळात आजोबांची नव्हतीच, हे त्यात दुसऱ्या मिनिटाला कळतं.

बत्तीसपैकी अकरा गोष्टी झाल्या आणि बाकीची मुलं अडून बसली. नमुना म्हणून बाईंनी स्वतःची एक गोष्ट करायला घेतली होती. तिचा आवाज आहे, फोटो नाहीत. मुलं म्हणतात, आधी बाईंची पूर्ण करा, मग आमच्या. ऑक्टोबरअखेर पालकांना दाखवायचं आहे. मी धाक दाखवून पाहिला, पण मला धाक दाखवता येत नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं आहे.

तर विनंती अशी, की फोटो तुम्ही काढाल का? बाईंचा आवाज मी पेनड्राइव्हवर पाठवते, तो ऐकलात की कशाचे ते कळेल. मुलं तो ऐकताना फार हसतात. संगणक भरून पार अडकला होता, काल बसून नको त्या रिकाम्या फायली काढून टाकल्या, तेव्हा कुठे चालू लागला. त्यामुळे आता काम पटकन होईल.

आपली,
छोट्या बाई


२० ऑगस्ट

बाईंना नमस्कार.

आज टपाल उशिरा आलं. सकाळी दाढी केली, चादरी धुतल्या.

आवाज पाठवू नका. कशाचे फोटो हवेत ते लिहून कळवा, मी काढतो. फोनमध्ये कॅमेरा आहे.

एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या पत्रामुळे विचारावीशी वाटली, नाहीतर विचारली नसती.

मी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्या कामात आवाजावरून बिघाड ओळखावा लागतो, त्यामुळे घरातले आवाजही माझ्या कानावर पडतात, ऐकायचे नसले तरी. पत्नी तुमच्या गावात खोली घेऊन राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस घरी यायची, हे तुम्हाला माहीत असेल. जानेवारीपासून ती आली की दुपारी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. आतून हळू आवाजात बोलणं यायचं. मध्येच बोलणं थांबायचं, आणि मग मिनिटभर काहीच नाही. फोनवर पलीकडचं माणूस बोलायला लागलं की असं होतं. मला वाटलं की ती कोणाशी तरी बोलते आहे, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून दार लावते आहे.

मी काही विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत बसून राहायचो. दार उघडून आली की ती म्हणायची, चहा टाकू का, आणि मी म्हणायचो, टाक. शेवटच्या तीन महिन्यांत आम्ही याहून फारसं बोललो नाही. आधीही फार बोलत नव्हतो, पण आधीची गोष्ट वेगळी होती.

एप्रिलमध्ये तिला ताप आला तेव्हा तुमच्या शिपायाने फोन केला. मी दुपारी पोचलो. ती सकाळीच गेली होती.

ते दारामागचं बोलणं म्हणजे हेच तुमचं रेकॉर्डिंग होतं का, एवढंच कळवा. पण गोष्ट तीन मिनिटांची असेल, तर सात वेळा दार कशाला लागलं? मी मोजलं होतं. आणि ते गप्प मिनिट कसलं?

खरं काय ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

आपला


२८ ऑगस्ट

काका,

तुमचं पत्र आल्यापासून मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही. उत्तर मला पहिल्याच वेळी कळलं होतं. लिहायला धीर होत नव्हता.

ते फोनवरचं बोलणं नव्हतं. रेकॉर्डिंगच होतं. आणि ते गप्प मिनिट वहीच्या चौदाव्या पानावर आहे. ते पान तसंच उतरवते: 'बोलून झाल्यावर एक मिनिट कोणीही बोलायचं नाही, रेकॉर्डर चालू ठेवायचा. याला खोलीचा आवाज म्हणायचं. गोष्टीत जिथे खोकला, चूक, भांडण काढून टाकावं लागतं, तिथे भोक पडतं. त्या भोकात हा आवाज भरायचा. खोलीचा आवाज पुसू नये.'

संगणकावर 'घर, नुसतं १' पासून 'घर, नुसतं ७' पर्यंत सात फायली होत्या. मी त्यांतल्या दोन सुरू करून पाहिल्या, चार-पाच सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, चुकून चालू राहिलेला रेकॉर्डर. दहा तारखेला मी सातही पुसल्या. तुम्ही पाठवलेली वही तेव्हा टेबलावर पडली होती आणि मी ते पान वाचलं नव्हतं.

काल वर्गात विचारलं. एक मुलगी आहे, इतकं हळू बोलते की तिचं नावच कुजबुज पडलं आहे. ती म्हणाली, त्या रिकाम्या नव्हत्या. बाईंनी एक फाइल वर्गात लावली होती आणि कान देऊन काय काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं होतं. तो तक्ता अजून कपाटामागे होता. त्यावर मुलांनी लिहिलं आहे: 'पंखा घासतो. नळाचा थेंब. खुर्ची कुरकुरते. एक माणूस गुणगुणतो.' बाई रेकॉर्डर दाराच्या फटीशी ठेवायच्या, असंही तिने सांगितलं.

एका मुलाने म्हणे विचारलं, आम्ही आवाज केला तर ओरडता, मग या माणसाला का नाही ओरडलात? बाई म्हणाल्या, "तो गुणगुणतो हे त्याला माहीतच नाही. सांगितलं तर बंद पडेल."

संगणकाच्या माणसाला दोनदा बोलावलं. फायली परत येणार नाहीत. रेकॉर्डर दर आठवड्याला रिकामा होतो, त्यातही नाहीत. काका, मी काय लिहू ते मला समजत नाही. मला माफ करा, असं लिहायलाही लाज वाटते.

छोट्या बाई


४ सप्टेंबर

बाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. चूक कोणाकडूनही होते.

मी गुणगुणत नाही.

आपला


१७ सप्टेंबर

काका, नमस्कार.

तुम्ही पुन्हा लिहाल की नाही मला माहीत नाही, म्हणून मीच लिहिते. सोबत दोन वस्तू आहेत, शाळेचा रेकॉर्डर आणि पेनड्राइव्ह. ऐकायची सक्ती नाही. पण माझ्याकडे ठेवून घ्यायचा मला अधिकार नाही, असं वाटलं.

कुजबुजचं घर पत्र्याच्या कारखान्याला लागून आहे. तिचे वडील तिथेच काम करतात आणि कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावतात. घरी आल्यावर ती काढायला विसरतात. तिची गोष्ट त्या टोपणांची आहे. ओरडून काही उपयोग नाही हे कळल्यावर ती हळू बोलायला लागली, आणि मग वडीलच तिचे ओठ वाचायला शिकले. गोष्ट फार चांगली आहे, पण तिच्या घरी एक मिनिटही शांत मिळेना. भोकं भरायला आवाज कुठून आणायचा? तेव्हा मोठ्या बाईंनी तिला त्यांच्या चार नंबरच्या फाइलमधला एक तुकडा दिला होता.

तो तिच्या गोष्टीत अजून आहे. जोडकामात आवाजाचे थर वेगवेगळे ठेवता येतात. तिने शाळा सुटल्यावर बसून स्वतःचा आवाज बंद केला आणि खालचा थर तेवढा काढून दिला. तुकडा एकोणीस सेकंदांचा आहे, तोच पुन्हा पुन्हा जोडलेला. पेनड्राइव्हवर पहिला तो आहे आणि दुसरी बाईंची गोष्ट.

रेकॉर्डर कुजबुजच्या हट्टामुळे पाठवते आहे. ती म्हणते, एकोणीस सेकंद सारखे जोडले की लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतं, तेव्हा काकांनी त्याच घराचं एक अख्खं मिनिट नवं द्यावं. तिची सूचना जशीच्या तशी: 'आतल्या खोलीत दाराशी ठेवायचा. दार लावायचं. तुम्ही बाहेर नेहमीच्या जागी बसायचं. एक मिनिट बोलायचं नाही.' मी तिला म्हटलं, असं काकांकडे मागू नये. ती म्हणाली, तुम्ही मागू नका, मी मागते.

छोट्या बाई


५ ऑक्टोबर

बाईंना नमस्कार.

पार्सल येऊन बारा दिवस झाले. ते टेबलावर होतं. मी त्याच्या शेजारी जेवत होतो.

आज सकाळी दूध घेतलं, केर काढला आणि नऊ वाजता रेडिओला पेनड्राइव्ह लावला. आमच्या रेडिओला मागे तशी खाच आहे, ती आजवर वापरली नव्हती.

आधी एकोणीस सेकंद ऐकले. पंखा घासतो. तिसऱ्या सेकंदाला थेंब पडतो, मग अकराव्याला. खुर्ची एकदा वाजते. गुणगुणणारा माणूस मीच आहे. चाल कसली आहे ते ओळखता आलं नाही, मलाही नाही. माझ्या मागच्या पत्रातलं ते वाक्य मागे घेतो.

कुजबुजला सांगा की तिचं बरोबर आहे, जोड कळतो. तिचा कान आमच्या कामात चालला असता.

मग दुसरी फाइल लावली. तुम्ही ती ऐकलेली आहे, तरी लिहितो. पत्नी मुलांना सांगते की ती एकदा लिफ्टमध्ये अडकली होती. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे, एकटी. दारापलीकडून एक माणूस म्हणाला, घाबरू नका, वर चार दोर आहेत, एक जरी असता तरी पुरला असता. मग तो चाळीस मिनिटं न थांबता बोलत राहिला. कोणत्या भागाला काय म्हणतात, तो काय काम करतो, बिघडला की कसा वाजतो. ती सांगते, मला वाटलं, काय बोलका माणूस आहे, म्हणून मी त्याच्याशी लग्न केलं. इथे मुलं हसत असणार. पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो, मी ते थांबवून थांबवून कागदावर उतरवून घेतलं आहे.

"नंतर मला कळलं, या माणसाला बोलायला मधे बंद दार लागतं. म्हणून मी आता घरी गेले की आतल्या खोलीत जाते आणि दार लावून बसते. माझं रेकॉर्डिंग करते, आणि मग एक मिनिट गप्प राहून वाट बघते. अजून तरी काही बोललेला नाही. पण तिथून उठूनही जात नाही."

यानंतर रेडिओवर काही नव्हतं. मी तो बराच वेळ तसाच चालू ठेवला.

ती जवळजवळ चाळीस मिनिटं म्हणते, पण ती बावीस होती. मी त्या दिवशी कामाच्या नोंदीत लिहिलं होतं. गोष्टीत चाळीसच राहू द्या.

फोटोंचं काम झालं आहे. दुपारी त्या इमारतीत गेलो. लिफ्ट बदलली आहे, आता दारं आपोआप सरकतात. चौकीदाराने विचारलं, कोणाकडे जायचंय? मी म्हटलं, कोणाकडे नाही, लिफ्टकडे. त्याने मला नीट बघून घेतलं आणि बसू दिलं. चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांवर, जिथे मी तेव्हा उकिडवा बसलो होतो, तिथून दाराचा फोटो काढला. पाना आणि बॅटरी माझ्याकडे अजून तीच आहेत, त्यांचा एकेक काढला. आमच्या आतल्या खोलीच्या दाराचा बाहेरच्या बाजूने काढला. चार पुरतील ना? छापून घेऊन या पत्रात घातले आहेत.

आता फायलींविषयी. तुम्ही अजून मनाला लावून घेत असाल, म्हणून लिहितो. माझं पहिलं पत्र तुमच्याकडे असेल तर काढून पाहा. ज्या दिवशी मी तिची पिशवी उघडली, त्याच सकाळी नळाचा वॉशर बदलला होता आणि पंख्याचं पातं सरळ केलं होतं. मुलांच्या तक्त्यावरच्या चारपैकी दोन आवाज मी स्वतः दुरुस्त करून टाकले. तुमच्या आधी आठवडाभर. तेव्हा मला वाटलं होतं, तिची राहिलेली कामं करतो आहे. तुम्ही पाच सेकंद तरी ऐकून पुसलंत. मी तेवढंही ऐकलं नव्हतं.

एकोणीस सेकंद जपून ठेवा आणि कुजबुजच्या गोष्टीतून काढू नका. तिने ते वापरले म्हणूनच उरले आहेत.

तिने मागितलेलं मिनिट आजच पाठवतो. पहिल्यांदा केलं तेव्हा घर फारच गप्प आलं. म्हणून पत्र्याचा डबा काढला, जुना वॉशर शोधला आणि नळाला परत बसवला. थेंब सुरू झाला. पूर्वीपेक्षा थोडा सावकाश पडतो, पण पडतो. खाली वाटी ठेवली. पंख्याचं पातं वाकवायला हात धजावला नाही, ते तसंच राहू दिलं. मग रेकॉर्डर आतल्या खोलीत दाराशी ठेवला, दार लावलं आणि बाहेर माझ्या खुर्चीवर बसलो. एक मिनिट बोलायचं नाही, हे मला जमतं. गुणगुणलो की नाही ते तुम्हीच ऐका, मला कळलं नाही.

मिनिट संपल्यावर आत जाऊन रेकॉर्डर बंद केला, बाहेर आलो आणि दार पुन्हा लावलं. तिथे उभा राहून थोडं बोललो. फार नाही. नळाचं सांगितलं.

मग वाटी भरली होती, ती खिडकीतल्या कुंडीत ओतली आणि परत नळाखाली ठेवली.

आपला,
मोठ्या बाईंचे यजमान